शेवटची सही कोणाची? सरकार, कायदा आणि अतिदक्षता विभागाचा दरवाजा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जड आहे, आणि रविवारची संध्याकाळ आहे, तरी एवढी माणसं आलीत. ऑनलाइन ऐकणारेही बरेच आहेत असं संयोजक सांगतायत. म्हणजे हा प्रश्न घराघरांत कुठेतरी येऊन गेलेला आहे. माझ्याही घरात येऊन गेला. तिथूनच सुरुवात करतो.

२००९ साली माझे मामा एका जिल्ह्याच्या गावी हॉस्पिटलात होते. मेंदूत रक्तस्राव झालेला. एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर. विसाव्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, ‘तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला स्पष्ट सांगतो. आता यातून काही होणार नाही.’ मी विचारलं, ‘मग मशीन काढायचं का?’ ते म्हणाले, ‘ते मला करता येणार नाही. तुम्ही घरी नेऊ शकता.’ मग एक कागद पुढे आला. त्यावर मजकूर असा होता की, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, आमच्या स्वतःच्या जबाबदारीवर, आम्ही पेशंटला घरी नेत आहोत. मामीनं सही केली, खाली साक्षीदार म्हणून मी केली. मामा घरी पोचायच्या आधीच, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये गेले.

आता बघा. सल्ला डॉक्टरांचाच होता. आणि कागदावर लिहिलं होतं ‘सल्ल्याविरुद्ध’. त्या खोलीत चार शहाणी, प्रामाणिक माणसं होती. चौघांनाही खरं माहीत होतं, आणि चौघांनी मिळून एक खोटा कागद केला. का? डॉक्टरांना कोणाची भीती होती? मामीच्या डोक्यावर ती सही का बसली? पुढे कित्येक वर्षं मामी म्हणायची, ‘मीच सही करून नेलं रे त्यांना.’

त्या खोलीत सरकारचा एकही माणूस हजर नव्हता. तरी तो कागद सरकारच्या धाकानं लिहिला गेला होता. हा धाक कुठून आला, तो गेल्या चाळीस वर्षांत कसा बदलला, याचा इतिहास आज आपल्याला बघायचाय. आणि गंमत म्हणा, योगायोग म्हणा, या इतिहासाचा मोठा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे.

सोयीसाठी मी सरकारची तीन रूपं करतो. पहिलं रूप शिपायाचं. दुसरं पालकाचं. तिसरं कारकुनाचं. चौथंही एक आहे, ते शेवटी सांगतो.

शिपाई

१८६० साली भारतीय दंड संहिता झाली. तिच्यात कलम ३०९ होतं. आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड. म्हणजे मरण्यात यश आलं तर सुटलात, फसलात तर गुन्हेगार. इंग्लंडनं आपल्या देशातला हा गुन्हा १९६१ साली काढून टाकला. आपण ठेवला. १९७१ मध्ये विधी आयोगानं आपल्या ४२व्या अहवालात हे कलम काढा म्हणून शिफारस केली. १९७८ मध्ये राज्यसभेनं तसं विधेयक मंजूरही केलं. पण लोकसभेत ते पार पडायच्या आत लोकसभाच बरखास्त झाली आणि विधेयक बुडालं.

तुम्ही म्हणाल, आत्महत्येचं कलम आणि हॉस्पिटलातलं व्हेंटिलेटर यांचा काय संबंध? माणूस म्हणून आपल्याला वाटतं काही नाही. पण कायद्याच्या कागदावर संबंध होता. उपचार नको म्हणणारा रोगी हा आत्महत्या करतोय का? त्याचं ऐकणारा डॉक्टर हा आत्महत्येला साह्य करतोय का? साह्याचं कलम ३०६, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. माझ्या मामांच्या डॉक्टरांच्या डोक्यात नेमकं हेच होतं.

आपल्या परंपरेत मात्र मरणाचा स्वीकार आणि आत्महत्या या गोष्टी वेगळ्या मानल्या गेल्या. आळंदीची समाधी आपण आत्महत्या म्हणत नाही. सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत अन्न आणि औषध सोडलं, २६ तारखेला ते गेले. त्याआधी त्यांनी लेखच लिहून ठेवला होता, आत्महत्या वेगळी आणि आत्मार्पण वेगळं असा. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी, औषध थांबवलं. मोठमोठे लोक विनवून गेले, औषध घ्या म्हणून. त्यांनी घेतलं नाही. १५ नोव्हेंबरला गेले. दोन्ही वेळा कलम ३०९ पुस्तकात होतं. कोणी फौजदार पाठवला नाही. सावरकर आणि विनोबा, विचारांनी दोन टोकं, पण या बाबतीत सरकार दोघांच्याही दारात थांबलं.

मग फौजदार कोणाकडे गेला? तो गेला एका हवालदाराकडे. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण ‘दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून आहे. मुंबई पोलिसांतले एक साधे कर्मचारी. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागला, पुढे मानसिक आजार जडला. बायकोला भाजीच्या गाळ्याचा परवाना हवा होता, त्यासाठी महापालिकेत खेटे घालत होते. १९८५ साली आयुक्तांची भेट नाकारली गेली, तेव्हा त्यांनी तिथेच जीव द्यायचा प्रयत्न केला. त्यांना अडवलं, वाचवलं, आणि मग त्यांच्यावर ३०९ चा खटला भरला.

हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांनी १९८६ मध्ये कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भाषणस्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्य येतं, व्यवसायाच्या स्वातंत्र्यात व्यवसाय न करण्याचं येतं, तसं जगण्याच्या हक्कात न जगण्याचंही येतं. आणि मनानं खचलेल्या माणसाला दवाखान्याची गरज आहे, तुरुंगाची नाही. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी पी. रथिनम प्रकरणात हाच कल घेतला.

इथपर्यंत ऐकताना वाटतं, चला, माणुसकी जिंकली. पण थांबा. पुढचं प्रकरण आलं पंजाबातून, ग्यान कौर. नवरा-बायको दोघांना सुनेच्या आत्महत्येला प्रवृत्त केल्याबद्दल शिक्षा झाली होती. त्यांचा युक्तिवाद काय? मरणं हा जर मूलभूत हक्कच असेल, तर त्याला साह्य करणं गुन्हा कसा? म्हणजे रोग्याच्या कळवळ्यातून निघालेलं तत्त्व सासू-सासऱ्यांच्या सुटकेसाठी वापरायला काढलं गेलं. १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते नाकारलं. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. कलम ३०९ परत जिवंत झालं.

मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. हक्काची भाषा फार सरळ असते, पण आपली घरं सरळ नसतात. ‘तिला मरायचंच होतं’ हे वाक्य आपल्या देशात किती सुनांच्या बाबतीत म्हटलं गेलंय, ते आठवा. मात्र त्याच निकालात घटनापीठानं एक खिडकी उघडी ठेवली. सन्मानानं जगण्याच्या हक्कात सन्मानानं मरणंही येतं, म्हणजे ज्याचा नैसर्गिक शेवट सुरू झालेला आहे त्याच्या बाबतीत. त्या खिडकीतून पुढचा सगळा इतिहास आत आला.

पालक

आता परळला जाऊ. केईएम हॉस्पिटल. २७ नोव्हेंबर १९७३. अरुणा शानबाग, मूळच्या उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या, केईएममध्ये परिचारिका. ड्यूटी संपवून कपडे बदलताना हॉस्पिटलच्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. हल्लेखोराला चोरी आणि जीवघेणा हल्ला यांसाठी शिक्षा झाली, सात वर्षं. अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. तो सुटला आणि निघून गेला. अरुणा पुढची ४१ वर्षं चार नंबर वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत राहिल्या.

या ४१ वर्षांत त्यांना कोणी सांभाळलं? केईएमच्या परिचारिकांनी. पिढ्या बदलल्या. अरुणांना पाहिलेल्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जन्मानंतर आलेल्या मुली नोकरीला लागल्या, पण भरवणं, पुसणं, कूस बदलणं थांबलं नाही. ऐंशीच्या दशकात महापालिकेनं त्यांना केईएममधून हलवायचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिकांनी विरोध करून तो हाणून पाडला. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर होऊ न देणं म्हणजे काय, हे ज्यांनी घरात आजारपण काढलंय त्यांना विचारा.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांवर पुस्तक लिहिलं, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मागणी अशी की, अरुणांना जबरदस्तीनं भरवणं थांबवा, त्यांना शांतपणे जाऊ द्या. न्यायालयानं मुंबईतल्या तीन डॉक्टरांची समिती नेमली. त्यांनी अरुणांना तपासलं. अहवाल सांगत होता की, मेंदूला कायमची इजा आहे, पण मेंदू मृत झालेला नाही. आवाजाला, स्पर्शाला काही प्रतिसाद मिळतो. परिचारिकांचं म्हणणं होतं की, अरुणाला माशाचा, चिकनचा रस्सा आवडतो, भजनं लावली की ती शांत होते.

७ मार्च २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. त्यातला प्रश्न नीट बघा. ‘अरुणानं मरावं का’ हा प्रश्न न्यायालयापुढे होताच, पण त्याच्याआधी एक प्रश्न होता: हे विचारायचा अधिकार कोणाचा? आईवडील नाहीत. नातेवाईक पुढे येत नाहीत. मग तिची जवळची माणसं कोण? न्यायालय म्हणालं, विराणींची तळमळ खरी आहे, पण अरुणाची जवळची माणसं म्हणजे केईएमचे कर्मचारी. त्यांनी तिला सांभाळलंय. आणि ते म्हणतात तिला जगू द्या. अर्ज फेटाळला.

पण फेटाळताना न्यायालयानं नियम घालून दिला. विष किंवा इंजेक्शन देऊन मारणं, म्हणजे सक्रिय दयामरण, हे बेकायदाच. मात्र उपचार थांबवणं, म्हणजे निष्क्रिय दयामरण, हे काही परिस्थितीत करता येईल. आईवडील, जोडीदार, जवळचे नातेवाईक, कोणीच नसेल तर जवळचा मित्र किंवा डॉक्टर निर्णय घेतील, पण त्यावर उच्च न्यायालयाची मंजुरी हवी. किमान दोन न्यायमूर्तींचं पीठ, तीन डॉक्टरांची समिती.

उच्च न्यायालय का? कारण जुनं तत्त्व आहे की, ज्याला कोणी नाही त्याचा पालक राजा. आणि न्यायालयाला भीती होती. निकालात ती उघड लिहिली आहे: मालमत्तेच्या लोभानं नातेवाईक डॉक्टरांना हाताशी धरतील. आपण हसून सोडून देऊ नये असं हे वाक्य आहे. सातबाऱ्यावर नाव लागायची घाई झालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. म्हातारीच्या औषधाचा खर्च आणि म्हातारीच्या नावावरचं घर, हा हिशेब मनातल्या मनात चालतो. तेव्हा पालक म्हणून राजा मधे उभा राहतो, त्याला कारण आहे.

विचार करा, ज्या बाईच्या नावानं हा नियम झाला, तिला तो लागू झाला नाही. आणि ज्यांना लागू व्हायचा, त्यांना तो परवडणारा नव्हता. सोलापूरच्या नाहीतर गडचिरोलीच्या आयसीयूबाहेर बसलेला माणूस वकील लावून उच्च न्यायालयात कधी जाणार? व्हेंटिलेटरचं बिल तासावर चढतं, तारीख महिन्यावर पडते. म्हणून लोक ‘सल्ल्याविरुद्ध’च्या कागदावर सही करत राहिले.

अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं गेल्या.

इथे एक छोटी आठवण. मघाशी चहाच्या वेळी एका आजींनी मला विचारलं, ‘मग तुमच्या मते बरोबर कोण? पिंकी विराणी की नर्सेस?’ आजी, मी खरं सांगतो, मला दोघी बरोबर वाटतात. एक विचारत होती, या जगण्याला अर्थ काय? दुसऱ्या विचारत होत्या, आमच्या हातातलं माणूस आम्ही उपाशी कसं ठेवू? दोन्ही प्रश्न प्रेमातूनच आले होते. या सगळ्यात एकच आवाज नव्हता, तो अरुणाचा. तिला काय हवं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला १९७३ साली हे कोण विचारणार? या एका उणिवेवर पुढचा कायदा उभा राहिला.

कारकून

‘कॉमन कॉज’ या संस्थेनं २००५ मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. मागणी अशी की, माणसाला शुद्धीत असतानाच लिहून ठेवता यावं की, माझ्यावर अशी वेळ आली तर मला यंत्रांवर ठेवू नका. याला लिव्हिंग विल म्हणतात. आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. मुंबईत मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती, तेव्हापासून ही कल्पना इथे बोलली जात होती. विधी आयोगानंही २००६ मध्ये मरणासन्न रोग्यांच्या उपचारांवर स्वतंत्र अहवाल दिला होता. संसदेनं कायदा काही केला नाही.

शेवटी ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा, आणि पीठात न्यायमूर्ती सिक्री, खानविलकर, चंद्रचूड, भूषण. सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि वैद्यकीय इच्छापत्र कायदेशीर आहे.

हक्क दिला. आणि मग त्या हक्काला इतक्या सरकारी गाठी मारल्या की सोडवता सोडवता रोगी जावा. इच्छापत्रावर दोन साक्षीदार, वर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही. वेळ आली की हॉस्पिटलचं वैद्यकीय मंडळ, त्यात वीस-वीस वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ. मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ. आणि मग न्यायदंडाधिकारी स्वतः येऊन रोग्याला बघणार. तालुक्याच्या कोर्टात साध्या जामिनाला किती वेळ लागतो हे माहीत असणाऱ्यानं हे वाचलं की तो पुन्हा जुन्याच कागदाकडे वळायचा.

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली. म्हणाली, ही पद्धत चालण्यासारखी नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठानं ती सोपी केली. आज काय आहे ते सांगतो, कारण हे तुमच्या कामाचं आहे. लिहून घ्या हवं तर.

इच्छापत्र करणारा सज्ञान हवा, शुद्धीत हवा, कोणाच्या दबावाखाली नको. लेखी हवं. आपल्या वतीनं कोण बोलेल त्यांची नावं त्यात हवीत, आणि एकाहून जास्त नावं देता येतात. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायची गरज उरली नाही. एक प्रत घरच्यांना, एक फॅमिली डॉक्टरांना, एक स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे ती जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं.

वेळ आली तर हॉस्पिटलात उपचार करणारे डॉक्टर आणि पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ, असं पहिलं मंडळ. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. घरच्यांची संमती. मग दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे. इच्छापत्र केलेलंच नसेल, तरी घरच्यांच्या संमतीनं हीच वाट चालता येते.

कायदा झाला, पण अभिरक्षक कुठाय? मुंबईतल्या एका डॉक्टरांनी स्वतःचं इच्छापत्र केलं, आणि ते ठेवायला गेले तर ठेवून घेणारा अधिकारीच नव्हता. त्यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मग २०२४ मध्ये राज्य सरकारनं स्थानिक संस्थांमध्ये असे अधिकारी नेमले. त्याच वर्षी गोव्यात उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतः इच्छापत्र नोंदवलं, राज्यातलं पहिलं. कर्नाटकानं २०२५ च्या जानेवारीत हॉस्पिटलांना मंडळं नेमण्याविषयी आदेश काढला. बघा, घटनापीठाचा निकाल एका बाजूला आणि फाईल ठेवायचं कपाट दुसऱ्या बाजूला. हक्क मिळाला २०१८ ला, कपाट मिळालं २०२४ ला.

मी कारकून म्हणतो तेव्हा कमीपणानं म्हणत नाही. शिपायापेक्षा आणि पालकापेक्षा कारकून बरा. तो तुमच्या वतीनं ठरवत नाही. तुम्ही ठरवलेलं नीट लिहिलंय का, कोणी जबरदस्ती तर केली नाही ना, एवढं बघतो. या बाबतीत सरकारचं योग्य काम मला तरी एवढंच वाटतं.

आणि आपल्या त्या शिपायाचं काय झालं? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली आणि जुनं कलम ३०९ गेलं. पण एक शेपूट राहिलं. नव्या संहितेच्या कलम २२६ खाली, सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर अजून गुन्हा आहे. दुबळ प्रकरण आठवतंय ना? आयुक्तांचं ऑफिस, भाजीच्या गाळ्याचा परवाना? तसा कोणी आज उभा राहिला, तर हे कलम त्याच्यावर लावता येईल का, हा प्रश्न वकिलांनी जरूर विचारावा. सगळ्यांसाठी शिपाई गेला, पण सरकारच्या दारात येऊन हताश होणाऱ्यासाठी तो अजून उभा आहे.

जो येतच नाही

आता चौथं रूप. गैरहजर सरकार.

१९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा आला. हेतू चांगला, नशेचा व्यापार रोखायचा. पण त्यात मॉर्फिन अडकलं. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनेवरचं हे साधं, स्वस्त औषध. ते ठेवायचं तर वेगवेगळे परवाने, प्रत्येक राज्याचे वेगळे नियम, चूक झाली तर तुरुंग. हॉस्पिटलांनी, औषधविक्रेत्यांनी ठेवणंच बंद केलं. जो देश औषधासाठी अफू पिकवून जगाला विकतो, त्या देशातली माणसं वेदनेनं तळमळत गेली. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, परवान्यांचं जाळं सोपं झालं. मधली जवळपास तीस वर्षं गेली. ‘मला मरू द्या’ म्हणणाऱ्या किती जणांना खरं म्हणजे ‘माझं दुखणं थांबवा’ म्हणायचं होतं?

१९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, मरणासन्न कर्करोग्यांची शेवटपर्यंत काळजी घेणारी देशातली पहिली संस्था. त्यामागे सरकार नव्हतं. आजही जिल्ह्याच्या ठिकाणी अशी सोय शोधायला गेलात तर काय सापडतं, ते तुम्हीच बघा.

म्हणून मला एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. इच्छापत्राचा हक्क आणि वेदनाशमनाचा हक्क बरोबर यायला हवेत. एकटा पहिला आला तर गरिबाच्या बाबतीत तो फार लवकर ‘खर्च परवडत नाही’ याचं सभ्य नाव होईल. श्रीमंत माणूस निवड करेल, आणि गरीब माणूस सही करेल. निर्णय माणसाचा असावा, हे मला मान्य आहे. पण ज्याच्यापुढे एकच रस्ता आहे, त्यानं निर्णय घेतला असं म्हणता येत नाही. इतर रस्ते तयार ठेवणं, हे सरकारचं काम. त्यातला कुठला धरायचा, हे माणसाचं.

वेळ होत आली. शेवटी परत मामांकडे येतो.

गेल्या वर्षी मी माझं इच्छापत्र केलं. नोटरीनं कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘तब्येत ठीक आहे ना साहेब?’ म्हटलं, ठीक आहे म्हणूनच आलोय. अवघड भाग नोटरीकडे नव्हता, घरी होता. मुलगी म्हणाली, ‘बाबा, असलं काही बोलू नका ना.’ बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री ती म्हणाली, ‘माझंही करायचं. पण मला नळीनं भरवणं चालेल, ते लिहा. मशीन नको.’ पस्तीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.

मामीला मी हे सांगायला गेलो होतो. तिचं वय आता ऐंशीच्या वर. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हणजे आता डॉक्टर स्वतःच्या नावानं लिहितात होय? सही एकट्या बाईची नसते?’ मी म्हटलं, नाही मामी, आता डॉक्टरांची दोन मंडळं सही करतात. आणि माणसानं स्वतः आधी केलेली असेल तर सगळ्यात वर त्याची.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तेव्हा असतं तर बरं झालं असतं.’

आज घरी गेल्यावर कायद्याचं सगळं विसरलात तरी चालेल. जेवताना फक्त एकमेकांना विचारा, तुला काय हवंय? बाकीचं कागदावर येईल.